लॉन दोनदा मेलं, आता गवताआधी जमीन बघायची आहे (नाशिक)

अंगणवाली | ६ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ आमचा रो-बंगला आहे. समोर ३० बाय २० फुटांचं अंगण. गेल्या दोन वर्षांत तिथे दोनदा लॉन लावलं आणि दोन्ही वेळा त्याची तेरावी घातली.

पहिलं जुलैत लावलं. सप्टेंबरपर्यंत पिवळं पडलं आणि खालून कुजल्यासारखा वास यायला लागला. दुसरं मागच्या ऑक्टोबरात. ते महिनाभर इतकं सुंदर होतं की मी फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकले. मग त्यातून लव्हाळा (जमिनीत गाठी धरणारं चिवट तण) वर आला. खुरपलं की आठ दिवसांत पुन्हा हजर. फेब्रुवारीत लव्हाळा हिरवागार आणि लॉन गवताच्या गंजीसारखं.

दोन्ही वेळा काम करणाऱ्याची पद्धत एकच होती. वरवर साफसफाई, त्यावर दोन इंच लाल माती, त्यावर कार्पेट (गवताच्या तयार पट्ट्या), पाणी, पैसे. खाली आमची काळी माती आहे, बिल्डरने त्यात काय काय पुरलंय देव जाणे.

१८ मे ला सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. कार्यक्रम अंगणात करायचं मनात आहे, म्हणून तेवढ्यात लॉन होईल का? आणि या वेळी जमिनीचं नेमकं काय काय करून घ्यायचं?

कट्ट्यावरचा | ६ एप्रिल, रात्री ११:०५

हिरवी मॅट आणा. पाणी नको, खुरपं नको, सासरे खूश. पुढचा धागा?

खुरपं | ७ एप्रिल, सकाळी ७:१५

१८ मे विसरा. आजपासून सहा आठवड्यांत लॉन दिसेल, टिकणार नाही. तिसरी तेरावी होईल.

आधी एक करा. अंगणात तीन जागी फूटभर खोल खड्डे घ्या. एक घराजवळ, एक मध्ये, एक कंपाउंडच्या भिंतीशी. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, खरं उत्तर दुसऱ्या पाण्याचं. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसलं तर तुमचं लॉन गवतामुळे मेलेलं नाही. खणताना काय निघतं तेही सांगा.

मखमलाबादला माझंही अंगण काळ्या मातीचं आहे. नऊ वर्षं टिकलंय, पण पहिलं वर्ष नुसती माती नीट करण्यात गेलं. शेजारी विचारायचे, घर विकायला काढलंय का?

ओळंबा | ७ एप्रिल, सकाळी ९:३०

बांधकाम सुपरवायझर म्हणून तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे बिल्डर काय पुरतो ते देव सोडून मलाही माहीत आहे. प्लॅस्टर पडलेलं, फुटक्या टाइल्स, विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, सेंटरिंगचे खिळे. पझेशनच्या आधी या सगळ्यावर मुरूम पसरतात, रोलर फिरवतात आणि त्याला 'गार्डन एरिया' म्हणतात.

मिक्सर जिथे उभा होता ती जागा शोधा. तिथे सिमेंटचं पाणी मुरून जमिनीखाली पापडी जमते. पहारीचा आवाजच बदलतो, लगेच कळेल.

मृदगंध | ७ एप्रिल, दुपारी १:२०

दोन इंच लाल माती आणि खाली काळी, हाच पहिल्या लॉनचा घात असावा. दोन वेगळ्या पोताच्या मातींचे थर एकावर एक ठेवले की पाणी त्यांच्या सीमेवर अडतं. वरची भरभरीत माती पाणी पटकन घेते, खालची चिकण घेत नाही. मधल्या पाण्यात मुळं बसून राहतात. पावसाळ्यात कुजतात, उन्हाळ्यात खाली शिरलेली नसल्याने करपतात. वास त्याचाच.

माती थरांनी रचू नका, एकमेकींत मिसळा. खालची नऊ-दहा इंच काळी माती मोकळी करून नवीन माती आणि शेणखत तिच्यात कालवलं पाहिजे.

मातीपरीक्षणही करून घ्या. चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा सहा इंचांचा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची पातळ चकती कापायची. सगळी माती पोत्यावर एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून द्या. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा. नमुना शेणखत घालायच्या आधीचा हवा.

घरच्या घरी: वाळलेल्या मातीच्या चमच्यावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे.

सातपूरकर | ७ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

कटू बोलतो, माफ करा. उन्हाळ्यात धरणाच्या साठ्याच्या बातम्या वाचून आपण टाकीत पाणी जपायचं आणि ६०० चौरस फूट गवताला रोज पाजायचं, हे मला पटत नाही. निम्म्यात फरशी, निम्म्यात झाडं लावा.

खुरपं | ७ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

सातपूरकर, मुद्दा रास्त आहे. पण रोज पाणी उथळ मातीतल्या लॉनला लागतं. मूळ सहा इंच खाली गेलेलं असलं तर मी उन्हाळ्यातही एक-दोन दिवसाआड देते, आणि तेही भाज्या-तांदळाचं धुवण आणि बोअरचं. जमीन नीट करणं म्हणजे पाणी वाचवणंच आहे. निम्मं अंगण करण्याची सूचना मात्र मला आवडली.

अंगणवाली | १० एप्रिल, रात्री ९:१०

खड्डे झाले. घराजवळचं पाणी चार तासांत गेलं (तिथे मुरूम निघाला). मधलं सकाळी पाहिलं तर अर्धं शिल्लक. भिंतीशी तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिमणी अंघोळ करत होती.

मधल्या खड्ड्यात आठ इंचांवर पहार टणकन वाजली. ओळंबा, तुमची पापडी! चांगली चार-पाच फूट पसरलेली आहे. व्हिनेगरला माती सोड्यासारखी फसफसली. आणि भिंतीजवळ लव्हाळ्याच्या गाठी माळेत ओवल्यासारख्या निघाल्या.

रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं यंत्र) फिरवणारा छोटा ट्रॅक्टर मिळतोय, अर्ध्या दिवसात काम होईल म्हणतो. बोलावू?

द्राक्षवाला_पिंपळगाव | १० एप्रिल, रात्री ९:२५

नका!! ताई, हात जोडतो. लव्हाळ्यात रोटाव्हेटर घालणं म्हणजे लव्हाळ्याची पेरणी करणं. त्या गाठी बारीक दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. माळ अखंड असते तेव्हा सगळ्या गाठी फुटत नाहीत. माळ तोडली की प्रत्येक मणी स्वतंत्र होतो.

शिवाय पापडीवर पाती वाजली तर ट्रॅक्टरवाला पात्यांचे पैसे तुमच्याकडूनच घेईल.

नवशिक्या_९ | १० एप्रिल, रात्री ९:४०

ग्लायफोसेट तणनाशक मारून मोकळं का होत नाही?

मृदगंध | १० एप्रिल, रात्री १०:१५

ते हिरव्या पानातून आत शिरतं. आता एप्रिलात पानं वाळलेली आहेत आणि जमिनीत झोपलेल्या गाठीला औषध पोचतच नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर बंधन घातलं, फवारणी कीडनियंत्रण ऑपरेटरमार्फतच करायची असं. घरच्या पंपाने मारायचं काम नाही. अंगणात नातवंडं लोळणार असतील तर मी तसाही तो रस्ता धरणार नाही.

द्राक्षवाला_पिंपळगाव | ११ एप्रिल, पहाटे ५:५०

शेतकऱ्याची पद्धत सांगतो. उन्हाळ्यात जमीन तापवायची. आजोबांपासून चालत आलंय.

कुदळीने, पहारीने नऊ ते बारा इंच खणा, पण ढेकळं फोडू नका. मोठी ढेकळं तशीच उलटी टाका. कोरड्या उन्हात पडलेली लव्हाळ्याची गाठ सुकली की मरते. ओली राहिली की जगते. म्हणून या काळात पाण्याचा थेंब नको. चार-पाच दिवसांनी ढेकळं पालटा, सुटलेल्या गाठी घमेल्यात वेचा. त्या कंपोस्टमध्ये टाकू नका, जाळा. मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या निघाल्या तर साळुंक्या आणि कावळे तुमच्या आधी हजर होतील, त्यांना हाकलू नका.

हे पंधरा दिवस. त्यानंतर ढेकळं फोडून ढोबळ लेव्हल करा, एकदा भरपूर पाणी द्या, वाफसा आला की पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा. काळं नाही, पारदर्शकच. कडा मातीने गच्च दाबा, हवा जाता कामा नये. निदान पाच आठवडे. गाजर गवत, घोळ, केना यांचं वरच्या थरातलं बी उकडून निघतं. लव्हाळा यात पूर्ण मरत नाही, त्याची टोकं प्लॅस्टिक भोकून वर येतात. म्हणून आधी कोरडं तापवणं, मग ओलं.

प्लॅस्टिक काढल्यावर खोल खणायचं नाही. खणलंत तर खालचं न तापलेलं बी वर येईल, सगळी मेहनत पाण्यात.

चुनखडीचं म्हणाल तर आम्ही द्राक्षात डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम करून क्षाराच्या जमिनीतून वाट काढतो. लॉनला खुंट नाही. तिथे शेणखतच.

अंगणवाली | ११ एप्रिल, सकाळी ८:००

म्हणजे १८ मे ला अंगणात प्लॅस्टिक असणार. घरात सांगायला हवं. वाईट वाटणार सगळ्यांना.

कट्ट्यावरचा | ११ एप्रिल, सकाळी ८:२०

चंद्र बघायचा कार्यक्रम आहे ना? मग गच्चीवर घ्या की. (एकदा तरी कामाचं बोललो, नोंद घ्यावी.)

अंगणवाली | ११ एप्रिल, रात्री १०:३०

कट्ट्यावरचा, नोंद घेतली. सासरेच म्हणाले, "गच्चीवर वारा लागेल, अंगणात डास चावतील." एवढ्यासाठी मी रात्रभर जागले होते.

ओळंबा | १२ एप्रिल, दुपारी १२:१०

खणायला गडी लावाल त्यांना पहिल्याच दिवशी पुढचं सांगा, नाहीतर दोनदा पैसे जातील.

पापडी फोडून उचलायचीच. तिला भोकं पाडून भागत नाही. राडारोडा वेगळा ढीग करा, तो परत खड्ड्यात जाताना मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथेच बसा.

उतार घराकडून बाहेर. काळी माती फुगते आणि आकसते, प्लिंथशी (जोत्याशी) पाणी साचवणं घराला बरं नाही. १०० फुटांत एक ते दोन फूट हे प्रमाण धरा, म्हणजे तुमच्या २० फुटांत अडीच ते पाच इंच. डोळ्याला सपाटच दिसेल. अंदाजाने करू नका, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घ्या, खुंट्या ठोका, दोरी ताणा. गवंडी हे दहा मिनिटांत करून देतो.

उताराच्या शेवटी, भिंतीपासून फूटभर सोडून चर काढा. एक फूट रुंद, दीड फूट खोल. तळाला खडी, त्यात भोकांचा पीव्हीसी पाइप, वर पुन्हा खडी आणि सगळ्याला जिओटेक्स्टाइलचं कापड, नाहीतर दोन पावसाळ्यांत चिखलाने बुजेल. पाइपचं तोंड पावसाच्या पाण्याच्या चेंबरला. ड्रेनेजच्या चेंबरला जोडलंत तर मी तुमच्या घरी चहाला येणार नाही.

चेंबरची झाकणं झाकू नका. आणि फरशीच्या कडेपेक्षा माती एक-दीड इंच खाली ठेवा, कार्पेटची जाडी धरून मग बरोबर येतं. बहुतेक जण इथे चुकतात, माती फरशीबरोबर करतात आणि मग पावसात चिखल पोर्चमध्ये.

पाण्याचे पाइप, दिव्याची वायर, जे पुरायचं ते आताच.

नवशिक्या_९ | १२ एप्रिल, दुपारी ३:००

काळ्या मातीत वाळू मिसळली तर निचरा होतो ना? यूट्यूबवर तसंच दाखवतात.

मृदगंध | १२ एप्रिल, दुपारी ४:४५

थोडी वाळू घातली की उलटं होतं. चिकणमातीचे कण वाळूच्या मधल्या जागा भरून काढतात आणि वाळल्यावर वीट तयार. फरक पडायला मातीच्या बरोबरीने वाळू लागेल, आणि तेवढ्या वाळूच्या पैशात तुम्ही बाग विकत घ्याल.

काळ्या मातीला मोकळं करतं ते सेंद्रिय खत. ६०० चौरस फुटांवर एक इंचाचा थर म्हणजे ५० घनफूट, अर्धा ब्रास. चांगलं कुजलेलं, हातात घेतलं तर चहापत्तीसारखं भुरभुरणारं, शेणाचा वास न येणारं. कच्च्या शेणखतातून हुमणी आणि गवताचं बी फुकट मिळतं.

जिप्समही कोणीतरी सुचवेल. चोपण जमिनीला, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीला ते उपयोगी. अहवालात तसं आलं तरच. चुनखडी आहे म्हणून जिप्सम, असं नसतं.

अंगणवाली | २७ एप्रिल, रात्री ९:५०

हिशोब देते. राडारोडा दीड ब्रास निघाला. त्यात एक अख्खा कमोडचा तुकडा, सिमेंटच्या सहा गोण्या आणि एक शाबूत थापी. थापी गवंड्याने उचलून कपाळाला लावली आणि घेऊन गेला.

लव्हाळ्याच्या गाठी दोन घमेली. मी, सासूबाई आणि शेजारच्या काकू रोज संध्याकाळी वेचत बसायचो. आता रस्त्याने जाताना दुसऱ्यांच्या अंगणातला लव्हाळाच दिसतो.

माती-अहवाल: सामू (पीएच) ८.२, सेंद्रिय कर्ब कमी, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) भरपूर. क्षार ठीक. जिप्समची गरज नाही असं तिथल्या साहेबांनी सांगितलं.

काल पाणी दिलं. प्लॅस्टिक कधी टाकू? वाफसा म्हणजे नेमका कधी?

द्राक्षवाला_पिंपळगाव | २८ एप्रिल, पहाटे ५:४०

मूठभर माती घट्ट दाबा, मूठ उघडा. लाडू राहिला पाहिजे, आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला पाहिजे. बोटाला चिकटून लांबली तर थांबा. लाडूच झाला नाही तर उशीर झाला. काळी माती याच एका वेळेला माणसाचं ऐकते. ओली असताना पाय दिलात तर वर्षभर त्याची ढेकळं फोडाल.

मृदगंध | २८ एप्रिल, सकाळी ९:००

सामू ८.२ ला लोह जमिनीत असूनही गवताला मिळत नाही. पुढे पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर युरिया टाकत सुटू नका, फेरस सल्फेटची फवारणी विचारून घ्या. स्फुरद कमी आहे तर सिंगल सुपर फॉस्फेट द्या, त्यात १६ टक्के स्फुरद असतं. नुसतं जमिनीवर फेकलं तर चुनखडी त्याला पकडून ठेवते, शेणखतात मिसळून द्या. मात्रा अहवालावर लिहिलेली असेल.

अंगणवाली | १९ मे, सकाळी ११:३०

कार्यक्रम गच्चीवर छान झाला. खाली प्लॅस्टिक चांदण्यात चमकत होतं, दोन पाहुण्यांनी विचारलं, शेततळं केलं का?

खुरपं | ३ जून, सकाळी ७:००

आता प्लॅस्टिक काढायचं. दीड ब्रास माती आणा, म्हणजे ६०० चौरस फुटांना तीन इंच. घेताना ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी वरची माती उकरून बघा, लव्हाळा विकत आणू नका. इगतपुरी-त्र्यंबककडची लाल माती चालेल, पण थर नको. शेणखताबरोबर वरच्या चार-पाच इंचांत दाताळ्याने कालवा, खोल जाऊ नका.

मग गवत लावायचं नाही.

बरोबर वाचलंत. पाऊस पडू द्या. तण उगवू द्या, बोटभर झालं की खुरपून काढा. पुन्हा उगवू द्या, पुन्हा काढा. रिकाम्या जमिनीत लव्हाळा एक-एक करून समूळ ओढता येतो, लॉनमधून फक्त पान तुटतं. मी मखमलाबादला तीन वेळा हे केलं. पावसाने माती कुठे दबते तेही याच काळात कळतं, तिथे भर घालता येते.

द्राक्षवाला_पिंपळगाव | ३ जून, दुपारी २:१५

+१. आणि वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे बसतात, ते हुमणीचे. झाड हलवून रॉकेलच्या पाण्यात पाडा. ते जमिनीत अंडी घालतात, अळी मुळं खाते आणि सप्टेंबरात तुमचं लॉन सतरंजीसारखं गुंडाळता येतं. गल्लीत कडुनिंब असेल तर मातीत मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) शेणखताबरोबर द्या.

अंगणवाली | २२ जुलै, रात्री १०:००

दोन वेळा तण काढून झालं. पहिल्या खेपेला लव्हाळा ७०-८० होते, दुसऱ्या खेपेला १९. हो, मोजले. मधोमध एक बशीएवढी जागा दबली, तिथे बहुतेक पापडी उचललेल्या खड्ड्याची माती बसली. भर घातली. खडीच्या चरीतून पाणी चेंबरला जाताना दिसतं, ते बघायला आम्ही छत्री घेऊन उभे राहतो.

घरचे म्हणतात आता लावून टाक.

खुरपं | २३ जुलै, सकाळी ७:२०

तिसरी खेप होऊ द्या. आणि सतत झडीत लावू नका, श्रावणात उघडीप मिळेल. वाफशावर टाचांनी तुडवून घ्या, पाऊल साधारण अर्धा इंच रुतलं म्हणजे ठीक. जास्त रुतलं तर हलका रोलर. मग दाताळ्याने वरचा पापुद्रा खरवडा, गुळगुळीत जमिनीला मूळ धरत नाही. फळी ओढून शेवटची लेव्हल.

गवत कुठलं घेताय? ऊन दिवसभर आहे का?

अंगणवाली | २३ जुलै, रात्री ९:००

सकाळी नऊ ते चार. सातपूरकरांचं ऐकून भिंतीकडचा आठ फुटांचा पट्टा लॉनमधून काढलाय, तिथे जास्वंद आणि पारिजातक. उरलेल्यात सिलेक्शन वन.

ओळंबा | २३ जुलै, रात्री ९:३०

बरोबर. आमच्याकडे आंब्याखाली हट्टाने तेच लावलं होतं, सावलीत काडीही राहिली नाही.

मृदगंध | २४ जुलै, सकाळी ८:१०

कार्पेटच्या पट्ट्यांखाली चिकट मातीचा जाड थर आला तर तो पाण्याने जमेल तेवढा धुऊन घ्या, नाहीतर आपण काढलेला थरांचा प्रश्न पुन्हा वरून येतो. स्वस्तात करायचं तर गवताच्या काड्या तीन-चार इंचांवर टोचून लावा. वेळ लागतो, पण मूळ सरळ तुमच्याच मातीत उतरतं.

अंगणवाली | २८ सप्टेंबर, सायंकाळी ६:४०

धागा वर काढतेय.

१७ ऑगस्टला काड्या टोचल्या. मी, दोन बायका आणि शेवटच्या तासाला खुर्ची टाकून सासरे. त्यांच्या ओळी आमच्यापेक्षा सरळ आल्या. आता जमीन जवळजवळ झाकली गेली आहे, दोन जागी टक्कल आहे. परवाच्या मोठ्या पावसात पाणी तासाभरात उतरलं. मागच्या दोन वेळांसारखा वास नाही. काल कोपऱ्यात खुरप्याने कापून बघितलं, मूळ पाच इंचांवर गेलेलं.

लव्हाळा सात. रोज सकाळी चहा घेऊन त्यांना शोधायला जाते.

कट्ट्यावरचा | २८ सप्टेंबर, सायंकाळी ७:००

हिरव्या मॅटला लव्हाळा येत नाही, एवढंच नम्रपणे.

नवशिक्या_९ | २८ सप्टेंबर, रात्री ९:१५

राडारोडा नेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आमच्याकडे काल पहार वाजली.

अंगणवाली | २८ सप्टेंबर, रात्री ९:३०

केला. जेवणाच्या सुट्टीत तिथेच बसा.